वाचकांचे प्रश्न : काचेचे मणी घरी करायचे आहेत

प्रश्न : मी सांगलीला राहते. सहा वर्षं माळा आणि पोती ओवण्याचं काम करते. आता मणीही स्वतःच करावेत असं मनात आहे. घरात वाढलेल्या बांगड्या डबाभर साठल्यात. स्वयंपाकाच्या गॅसवर धरल्या तर नुसत्या वाकल्या. भावाने ब्लो टॉर्च आणून दिला, त्यावर चार मणी झाले, पण रात्रीतून चारही तडकले. माझं काय चुकलं? सुरुवात कशी करू?

उत्तर : ताई, तुमचा डबा वाचला आणि मला माझ्या आईचा डबा आठवला. मीही सुरुवात त्यातूनच केली. गुलाबी आणि हिरव्या बांगड्यांचे सात मणी केले, त्यातला सगळ्यात देखणा माझ्या मोठ्या बहिणीला दिवाळीत दिला. पाडव्याला पंगतीत बसलो होतो. कोणी हात लावला नाही, धक्का लागला नाही. तिच्या गळ्यातून ‘टिक्’ असा आवाज आला आणि अर्धा मणी तिच्या ताटात, भातावर पडला. तिने तो घास घेतला असता तर, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. तीन आठवडे तो मणी धडधाकट दिसत होता, म्हणून तुमचे रात्रीतच तडकले हे बरंच झालं म्हणते मी.

तुमच्याकडून झालेल्या चुका दोन, आणि दोन्ही माझ्याच आहेत.

पहिली, काचांची जोडी. प्रत्येक काच तापल्यावर फुगते आणि निवताना आक्रसते, पण सगळ्या सारख्या मापाने नाही. या कामात ते माप आकड्याने सांगतात. इटलीच्या मुरानोची मऊ काच १०४ची, प्रयोगशाळेतल्या नळ्यांची बोरोसिलिकेट ३३ची. दोन वेगळ्या मापांच्या काचा एका मण्यात घातल्या की निवताना एक ओढते, दुसरी अडते आणि मणी फुटतो. बांगड्यांवर आकडा नसतो, पण जोडी तपासता येते. दोन काचांची टोकं ज्योतीत शेजारी शेजारी चिकटवा, चांगली तापली की चिमट्याने दोन्हींचा मिळून एक धागा ओढा. निवल्यावर धागा सरळ राहिला तर जमतं. धनुष्यासारखा वाकला तर ती जोडी सोडून द्या. शंका असेल तर एका बांगडीचा एक मणी, दुसरा रंग नाही.

दुसरी चूक मोठी : थंड करणं. मण्याची साल आधी घट्ट होते, गाभा मागाहून, आणि तो ताण आत कोंडून राहतो. त्यावर उपाय अनीलिंग. मणी गरम असतानाच विजेच्या छोट्या भट्टीत ठेवायचा, १०४च्या काचेला ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर राखायचा, मग भट्टी हळूहळू उतरवायची. मी रात्री बंद करते आणि सकाळी उघडते. व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे फुलवलेल्या हलक्या खनिजाच्या दाण्यांच्या, डब्यात मणी पुरून ठेवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने मणी सावकाश निवतो, सरावाला पुरतं, पण ते अनीलिंग नव्हे. भट्टीतून न निघालेला मणी कोणाच्या गळ्यात घालू नका, विकू तर नकाच. पैसे जमवायचे असतील तर आधी भट्टीसाठी जमवा, रंगीत काचांसाठी नंतर.

टॉर्च हातात धरायचा नाही, टेबलाला पक्का बसवायचा. दोन्ही हात मोकळे लागतात : एकात स्टीलची सळी, दुसऱ्यात काचेची कांडी. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत पसरट, तिची धग एका जागी येत नाही. नुसत्या गॅसवर चालणाऱ्या साध्या टॉर्चवर शिकता येतं. ऑक्सिजन जोडला की काम झपाट्याने होतं. माझा टॉर्च मिनिटाला ५ लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर चालतो. घरगुती सिलिंडर या कामाला वापरायचा नाही, व्यावसायिक घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही, दारही उघडं हवं. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बघा. धूर ओढणारा एक्झॉस्ट हवा, मात्र डोक्यावरचा पंखा बंद, नाहीतर ज्योत डुलते आणि मणी एका बाजूने निवतो. सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. आणि डिडिमियमचा चष्मा. तापल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगमगाट तो गाळतो. मी पहिल्यांदा घातला तेव्हा ज्योतीतला मणी मला खऱ्या अर्थाने दिसला.

आता मणी. सळीला बीड रिलीजचा लेप द्या आणि पूर्ण वाळवा. याच मातकट लेपामुळे मणी नंतर सुटतो. कांडी ज्योतीत एकदम घुसवली तर टोक तडतडून उडतं, आधी ज्योतीच्या वरच्या भागात हलवत शेका. सळी लालसर झाली की वितळलेला थेंब टेकवा आणि सळी आपल्यापासून दूर फिरवत काच गुंडाळा. फिरवणं थांबलं की काच मधासारखी खाली ओघळते. ज्या शिक्षकांकडे मी शिकले ते विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काचकाम करून निवृत्त झालेले. त्यांनी मला महिनाभर फक्त सळी फिरवायला लावली. तुमच्या जवळच्या महाविद्यालयात असा कारागीर आहे का विचारा. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला घरोघरी ज्योतीवर मणी होतात, तिथलं काम पाहायला मिळालं तर सोडू नका.

पहिले शंभर मणी एका रंगाचे आणि गोल करा. भोकाकडे काच आत वळलेली, खळी पडल्यासारखी हवी. त्यासाठी सळीवरचा पट्टा अरुंद ठेवून काच त्याच्यावर चढवत जा. कड बाहेर टोकदार राहिली तर ती दोरा कापते. ओवणाऱ्या बाईला हे मी काय सांगावं! मणी पूर्ण थंड झाल्यावर सळी पाण्यात भिजवा, मणी पिळून सोडवा आणि भोक पाण्यातच घासा. कोरडा लेप खरवडलात तर ती धूळ छातीत जाते.

प्रश्न : माझी पिरोजी काच मण्यावर विटकरी होते. काच खराब आहे का? (नाशिक)

उत्तर : काच चांगली आहे. पिरोजी रंग तांब्याचा असतो आणि ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की तांबं लालसर होतं. ऑक्सिजन थोडा वाढवा, मणी ज्योतीच्या टोकाकडे, टॉर्चपासून लांब धरा.