बँडसॉच्या जुन्या पट्ट्यांपासून डमास्कस चाकू घडवताना थर का सुटतात?

वखारीतल्या बँडसॉच्या (ओंडके चिरायच्या यंत्रकरवतीच्या) बाद पट्ट्या आणि जुनी कानस एकत्र घडवून डमास्कस, म्हणजे थराथरांचं नक्षीदार पोलाद, केलं, तर तेलात पाणी देताना (तापवून बुडवून कडक करताना) थर सुटले आणि उरलेल्या भागावर नक्षीही धड उमटली नाही, असं तुम्ही लिहिलंय. या दोन दोषांची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी नक्षीचं. ती दिसते निकेलमुळे. ओंडके चिरायच्या रुंद पट्ट्या पुष्कळदा १५एन२० जातीच्या असतात : कार्बन सुमारे ०.७५ टक्के, निकेल २ टक्के. आम्लात हा थर चकचकीत राहतो आणि साधं कार्बन पोलाद काळवंडतं. थर जोडण्याच्या तापमानाला कार्बन थराथरांतून पसरून लवकरच सारखा होतो, निकेल मात्र फारसं हलत नाही. म्हणून पट्टीत निकेल नसेल तर कितीही थर घाला, फिकट करडंच दिसणार.

भंगाराच्या पट्टीवर शिक्का नसतो, तेव्हा चाचणी करूनच घ्या. एक तुकडा चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवून तेलात बुडवा आणि सुरक्षा चष्मा लावून मोडून पाहा. न वाकता तटकन मोडला, तर कार्बन पुरेसा आहे. मग तो घासून कानशीच्या तुकड्याशेजारी दहा मिनिटं फेरिक क्लोराइडमध्ये (नक्षी काढायचं आम्ल द्रावण) ठेवा. रुपेरी राहिला तर कामाचा. लोखंड कापायच्या बायमेटल (दोन धातू जोडलेल्या) पट्ट्या आणि कार्बाइड टिपांच्या चकत्या नकोतच. टिपांच्या डाखात कॅडमियम असू शकतं, त्याचा धूर जिवावर बेततो.

आता थर. ते पाणी देताना सुटलेले दिसतात, पण मुळात ते जुळलेलेच नसतात. पट्टीचे दात, त्यांच्या खाचा आणि कानशीची रेघ पूर्ण घासून काढावी लागते. खाचेत राहिलेली खपली (तापल्यावर पोलादावर धरणारा ऑक्साइडचा थर) कितीही ठोकली तरी बाहेर येत नाही. पट्टी मिलिमीटरभर जाड असते. तिच्या जोडीला २ मिलिमीटरची १०८४ ची (साध्या कार्बन पोलादाची) पट्टी मिळाली, तर कानशीच्या भानगडीत पडू नका. १०८४ चे सात आणि बँडसॉचे सहा तुकडे, १०० × ३० मिलिमीटर, ग्राइंडरने पांढरे करून अ‍ॅसिटोनने पुसा. बाहेरचे दोन्ही थर जाड पट्टीचे ठेवा. चारही कोपऱ्यांना वेल्डिंग आणि धरायला सळई.

गठ्ठा मंद लाल झाला की खपली विरघळवायला टाकणखार (बोरॅक्स) टाका. साधा फुगून उडतो, म्हणून आधी तव्यावर भाजून त्यातलं पाणी घालवा. भट्टीत गॅस किंचित जास्त ठेवा. हवा वाढली की खपली धरलीच. तापमान १२५० अंशांच्या आसपास : गठ्ठा पिवळा, कुठेही सावली नाही, टाकणखार तुपासारखा वाहतोय. बाहेरून रंग आल्यावरही आणखी पाच-सात मिनिटं मुरू द्या. घाई इथेच नडते, कारण पोट थंडच असतं. पहिले ठोके हलके आणि भराभर, एका टोकाकडून दुसऱ्याकडे, म्हणजे टाकणखार बाहेर फेकला जाईल. जोरात हाणलं तर थर सरकतात. त्याच तापमानाला आणखी दोनदा ठोका. त्याआधी कडेवर घण घालायचा नाही.

मग लांबवा, चार तुकडे करा, घासा, पुन्हा रचा. १३ चे सुमारे ५०, आणखी एकदा केले की २००. त्यापुढे नक्षी इतकी बारीक होते की पाते करडेच भासते. खपलीत आणि घासण्यात तिसरा हिस्सा सहज जातो, तेवढं धातू आधीच धरा.

पाणी देण्याआधी तीनदा, दर वेळी थोडं कमी तापवून, हवेत निवू द्या. मग चुंबक सुटण्याच्या किंचित वर, ८१० अंशांजवळ तापवून, ५० अंशांच्या पातळ खाद्यतेलात बुडवा. पाण्यात बुडवल्यास तडा जायची भीती असते. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, असं दोनदा.

नक्षी काढायची ती यानंतर. ६०० नंबरपर्यंत पॉलिश, एक भाग फेरिक क्लोराइड, तीन भाग डिस्टिल्ड पाणी, दहा-दहा मिनिटांच्या तीन-चार बुडव्या. प्रत्येक वेळी २००० नंबरचा कागद हलकेच फिरवा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन तेल लावा.