क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) लोकांच्या शरीरप्रतिमा शिबिरात ‘आपल्या शरीरावर प्रेम करा’ हे सत्र ठेवावं का?

मुख्य सत्र म्हणून तरी ठेवू नका. अनेक ट्रान्स व्यक्तींना जेंडर डिस्फोरिया असतो, म्हणजे जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसल्याचा त्रास. स्वतःची छाती, आवाज किंवा दाढी आपली वाटतच नसेल, तर ‘आहे तसं स्वीकारा’ हे बोचतं. त्यापेक्षा कोणत्या कपड्यांत, कोणत्या हालचालीत मोकळं वाटतं, यावर गप्पा चांगल्या रंगतात. आरसा, फोटो, पोहणं सगळं ऐच्छिक ठेवा आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका (हे आयोजकांनाच सर्वांत जड जातं!). वजन-कॅलरीचे आकडे नकोतच: गे पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींमध्ये खाण्याचे विकार तुलनेने जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मात्र कुणी सतत जेवण टाळत असेल, तर शिबिरावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठायला मदत करा.