तेल महागलं म्हणून लगेच एअरोस्पेस विकू नको

भावा, तू म्हणायलास की तेल चढलं म्हणजे विमानाच्या सगळ्याच शेअरचा बाजार उठणार, तर थोडं थांब. विमान चालवणारी कंपनी, म्हणजे एअरलाइन, वेगळी अन् विमान, इंजिन, पार्ट बनवणारी, म्हणजे एअरोस्पेस कंपनी, वेगळी. आपल्याकडं दर महिन्याच्या 1 तारखेला विमानाच्या इंधनाचा रेट बदलतो, अन् एअरलाइनच्या खर्चात इंधनाचा वाटा लई मोठा, त्यामुळं तिला झटका लगेच बसतो.

बनवणाऱ्याचं गणित उलटं असू शकतं. आमच्याकडं जुनी जीप होती, डिझेल वाढलं तसं जालन्याला एक चक्कर मारायची तरी खिसा हलका व्हायचा, मग घरात नव्या गाडीचा विषय निघाला. एअरलाइनचंही तसंच, एअरबसचं नवं ए320निओ विमान जुन्या ए320 पेक्षा साधारण 15 ते 20 टक्के कमी इंधन पितं, म्हणून तेल महाग झालं की जुनी विमानं लवकर काढून नवी घ्यावी वाटतात. पण तेल लई दिवस चढं राहिलं, तिकीट महागलं, प्रवासी आटले तर एअरलाइन ह्याच नव्या विमानांची डिलिव्हरी पुढं ढकलतात. 2008 च्या जुलैत क्रूड म्हणजे कच्चं तेल बॅरलला 147 डॉलरपर्यंत गेलं अन् त्याच वर्षी मंदी आली, तेव्हा हेच झालं.

म्हणून नुसती ऑर्डरची बातमी बघून उडी मारू नको. इंडिगोनं 2023 ला एकदम 500 विमानांची ऑर्डर दिली, पण ती यायला वर्षं लागतात अन् बनवणाऱ्याला मोठा पैसा डिलिव्हरीलाच मिळतो. बनवणाऱ्या कंपनीनं तिमाहीत किती विमानं दिली, कर्ज किती, ते आधी बघ. अन् सोयाबीनच्या पट्टीचे पैसे यात घालू नको रे, पेरणीला लागतील ते.