तर्रीले कोन पाहील?

म्युनिकहून एका लेकीचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

“मावशी, बाबा जूनमध्ये गेले. आई नागपूरला प्रतापनगरात एकटी आहे. खालच्या मजल्याचं घर, अंगणात प्राजक्त आणि बाबांचं कुत्रं. तर्री त्याचं नाव, रंगावरून बाबांनीच ठेवलेलं. अकरा वर्षांचं आहे. आईनं ऑक्टोबरमध्ये इकडे यावं आणि मार्चपर्यंत राहावं, असं मी ठरवलं होतं. माझी आठ वर्षांची मुलगी आजीची वाट पाहते आहे. कुत्र्याला काटोलकडे मामांच्या संत्र्याच्या बगीच्यात ठेवता येईल, मामा तयार आहेत. आईचं एकच वाक्य: ‘तर्रीले कोन पाहील?’ जन्मभर जिनं त्या कुत्र्याला हाड-हाड केलं, ती आता त्याच्यापायी लेकीकडे येत नाही. मला वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.”

वयानं तू माझ्या लेकीएवढी, तेव्हा अगंतुगं करते.

रागाचं नंतर बोलू, आधी हिशेब. ऑक्टोबर ते मार्च म्हणजे सहा महिने. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणजे आई ऑक्टोबरात आली तर जानेवारीत तिला परतावंच लागणार, तेही कडाक्याच्या थंडीत, बहुतेक एकटीनं, मध्ये विमान बदलून. आणि तोवर तर्री काटोलला. अकरा वर्षांचं कुत्रं नव्या जागी, उघड्यावर, रानडुकरं हाकलणाऱ्या चार तरण्या कुत्र्यांत टाकायचं आणि तीन महिन्यांनी परत आणायचं, हे मामांना सोपं वाटत असेल. मला वाटत नाही.

“मग त्यालाही घेऊन जाऊ” असं तुझी मुलगी म्हणतच असेल. भारतातून युरोपात कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप हवी, त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासणी, आणि रक्त काढल्यापासून पुढे तीन महिने थांबणं. आज सुरुवात केली तरी चार महिने गेले. एवढं करून म्हाताऱ्या जनावराला विमानाच्या पोटात घालायचं. नको.

आता तुझा राग. पाच वर्षांपूर्वी मीही अशीच थोरल्याकडे गेले होते, ॲमस्टरडॅमजवळ, नोव्हेंबरात. पोरगा-सून दोघंही जीव लावणारी. पण सकाळी साडेआठला ती आपापल्या कामाला गेली की मी आणि ती काचेची खिडकी. चार वाजताच अंधारून यायचं. रेनकोट घातलेलं एक कुत्रं रोज ठरल्या वेळी खालून जायचं, त्याच्यावरून मी दिवस मोजायचे. नागपूरला असते तर त्याच दिवसांत सकाळी पावणेसातला ऊन अंगणात, दूधवाल्याशी वाद, भाजीवालीकडून फुकटचा सांबार (म्हणजे कोथिंबीर), दुपारी गच्चीवर वाळवणाशेजारी मान टाकून बसणं. पोराला हे कसं सांगणार? त्याला वाटलं असतं, आपलं काही चुकलं. म्हणून मी म्हणाले, “घराच्या कुंड्यांना पाणी कोण घालंल?” कुंड्या चारच होत्या, त्यातली एक फुटकी.

तुझ्या आईचा तर्री म्हणजे माझ्या कुंड्या. फरक एवढाच की कुंड्या दारात उभ्या राहून भुंकत नाहीत. तर्रीला सकाळी बाहेर न्यावंच लागतं, म्हणजे आईला उठावंच लागतं. त्याला पोळी लागते, म्हणजे कणीक मळली जाते, आणि एकटीसाठी कोण मळतं गं? “तुमच्या बाबांचं कुत्रं” म्हणून ती त्याला हाड-हाड करायची, तेव्हाही त्याची पोळी कुणाच्या हातची असायची, आठवून बघ.

तिला नेऊच नकोस असं मी म्हणत नाही. मे महिन्यात ने. तेव्हा नागपूर ४५ अंशांवर गेलेलं असतं आणि तुमच्याकडे रात्री नऊपर्यंत उजेड. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, तो काढताना तिचे जुने आजार लपवू नकोस. मे महिन्यापर्यंत तर्रीसाठी घरी येऊन राहणारं माणूस शोधायला सहा-सात महिने मिळतात. गल्लीतला एखादा कॉलेजचा मुलगा आत्तापासून संध्याकाळचं फिरवणं त्याच्याकडे देऊन सवयीचा करा. पैसे तू दे, पण ठरवू दे आईला.

तोवरच्या दिवसांचं सांगते. त्यातच खरं काम आहे.

बाबा असताना या दिवसांत घरात कोण काय करायचं, ते एका कागदावर लिहून काढ. आमच्याकडे नागपुरात दसरा झाला की कूलर उतरतो. टाकी रिकामी करायची, तळाचा गाळ खरवडायचा, बाजूचे गवताचे ताटे काढून उन्हात टाकायचे, पंप पुसून पिशवीत घालायचा. हे काम घरोघरी पुरुषांचं, आणि गेलेल्या माणसाच्या घरात ते तसंच राहतं, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. मग टाकीतल्या उरलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. शेजारच्या गल्लीतल्या एका घरी असाच कूलर जानेवारीपर्यंत खिडकीत होता. काढायला मुलगा होता, पण तो न्यूजर्सीला. तुझ्या बाबांची अशी सात-आठ कामं निघतील: रजयांना ऊन दाखवणं, गीझर तपासून घेणं, तर्रीच्या कानामागचे गोचीड काढणं.

पावसाळा संपताना गोचीड वाढतात आणि त्यांच्यापासून कुत्र्याला ताप येतो. खाणं सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर दिवाळीची सुट्टी बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. घरी येणारा जनावरांचा डॉक्टर आजकाल नागपुरात मिळतो. त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये आणि तुझ्याही फोनमध्ये असू दे. आणि आईला दहादा बजाव, स्वतःच्या गुडघ्याची गोळी त्याच्या गुडघ्याला द्यायची नाही. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल ही आपली औषधं कुत्र्यांना बाधतात, जिवावरही बेतू शकतं. म्हातारं कुत्रं थंडीत आखडतं. दुहेरी पोतं, त्यावर बाबांचं जुनं स्वेटर, आणि फरशीवरून उचललेली जागा, एवढं पुरतं.

फटाक्यांचं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नाही, आठ दिवस आधी बघायचं. जास्त घाबरत असेल तर डॉक्टर आधीच औषध देतात. त्या दिवशी दुपारीच फिरवून आणायचं, सातच्या आत खाऊ घालायचं, मधल्या खोलीत खिडक्या लावून पंखा आणि टीव्ही सुरू ठेवायचा. आई शेजारी बसली की झालं. आई तरी त्या रात्री आणखी कुठे जाणार आहे? आणि फराळातलं लाडाकोडानं काही द्यायचं नाही. बेदाणे-मनुका कुत्र्यांना विषारी, चॉकलेटही. रव्याच्या लाडवावरचा एक बेदाणा दिसायला केवढासा, पण तो काढून मगच तर्रीला लाडू असला हिशेब नकोच.

मला काळजी वाटते ती आईच्या पडण्याची. सत्तरीची बाई, हाताला दोरीचे दोन वेढे आणि समोर गल्लीतली चार मोकाट कुत्री. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आण. पहाटे पाचला धुक्यात जायची बाबांची सवय होती, ती आईनं पाळायची गरज नाही. थंडीत आठ वाजता उन्हात जाऊ दे. बरोबर काठी आणि चपलेऐवजी बूट. बूट घालायला ती लाजेल, “लोकं काय म्हनतीन” म्हणेल. लोक पहिले दोन दिवस म्हणतात. अजून एक, डिसेंबरात पारा आठ-दहावर आला की काही घरांत कोळशाची शेगडी आत आणून दारं लावून घेतात. ते अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही येत नाही आणि जाग न येता माणूस जातं. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर तोही बाहेरच्या भिंतीवर हलव.

आता फोन. तू रोज तुमच्या साडेचारला फोन करतेस असं लिहिलंस, म्हणजे नागपूरचे आठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं एक तास मागे जातात, आमची जात नाहीत. साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. त्या सोमवारी तुझा साडेचारचा फोन आईकडे नऊला वाजेल. ती आठपासून फोन मांडीवर घेऊन बसलेली असेल, तर्रीचं जेवण खोळंबलेलं असेल, आणि फोन घेतल्यावर म्हणेल, “नाही जी, मी जागीच होते.” तेव्हा त्या दिवसापासून तू साडेतीनला कर. कामातून उठता येत नसेल तर तिला आधी सांगून ठेव, पण तिला बसवून ठेवू नकोस.

आणि फोनवर “जेवलीस का, गोळी घेतलीस का” याच्यापलीकडे जा. येत्या कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई आहे. नातीनं खाऊ डब्यात घालून कॅमेऱ्यासमोर खडखडवायचा आणि आजीनं खिरापत ओळखायची. तुमच्याकडे या वर्षी सणवार नाहीत, पण हा पोरींचा खेळ आहे, त्याला कुणी अडवत नाही. तिकडे बागेत चेस्टनट पडत असतील, तीच टाक डब्यात. आजी सात जन्मांत ओळखणार नाही. दुसऱ्या दिवशी आजीनं प्राजक्ताच्या सड्यावरून फोन फिरवावा, तर्री फुलांवर झोपलेला दाखवावा. तुझ्या लेकीला गंमत वाटेल की तिकडची झाडं ऑक्टोबरात पिवळी होऊन झडतात, आणि इकडचा साग माघ-फाल्गुनात उघडा पडतो. दोन घरांची पानगळसुद्धा चार महिने पुढेमागे.

तुझ्या येण्याचं. सगळे सांगतील, पहिली दिवाळी आहे, तेव्हा जा. मी उलट सांगते, एकच खेप जमणार असेल तर दिवाळी सोड. दिवाळीत फराळाचे डबे घेऊन नातेवाईक येतीलच, घर रिकामं राहायचं नाही. डबे परत करून झाले की मग घर रिकामं होतं. तू नाताळात ये. जर्मनीत शाळा बुडवायची सोय नाही, पण नाताळाची दोनेक आठवडे सुट्टी मिळते. तोवर इकडचं अधिवेशन बहुधा आटोपलेलं असतं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोकळे होतात, आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, गावाकडे वांग्याची भरितं सुरू झालेली असतात. लेकीला सकाळी फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला ने. पाण्याच्या काठानं शेपटी हलवत धावणारा पांढरा धोबी पक्षी दिसेल. उन्हाळ्यात म्युनिकला नदीकाठी तिनं तो पाहिलाच असेल, जात तीच. तुमच्याकडचा मात्र इतका लांब येत नाही, आमच्याकडे येतो तो मध्य आशियाकडचा, त्याचा चुलतभाऊ म्हण.

मुलीला निघण्याआधी रेबीजच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरला विचार. गल्लीतलं कुठलंही कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच इंजेक्शनला जायचं, हे तिलाही पाठ करून ठेव. तर्रीला मात्र तिनं मनसोक्त कवटाळावं, त्याची लस तारखेवर असेल तर.

परतताना मामा संत्र्याची पेटी देतील. घेऊ नकोस. संत्र्यासारखी ताजी फळं युरोपात कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत, दुधाचे पदार्थही अडवतात, तेव्हा खव्याच्या संत्रा बर्फीच्याही भानगडीत पडू नकोस. जे खायचं ते अंगणात बसून खा आणि सालं तर्रीपासून लांब टाक.

हे सगळं डिसेंबरचं झालं. आजच्या फोनवर व्हिसाचं काढू नकोस, काटोलचंही नाही. एवढंच विचार, “आई, कूलर कोणी उतरवला?”