थंडीतल्या पहिल्या सेल्फला होणारी खडखड घट्ट तेलाने जाते का?

थंडीच्या दिवसांत सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड ऐकू येते, मिस्त्रींच्या मते ५डब्ल्यू-३० तेल फार पातळ आहे, तेव्हा २०डब्ल्यू-५० घालावे का, असे आपण विचारले आहे. घालू नये. एवढ्यावर उत्तर संपले असते. परंतु नेमका हाच सल्ला आमच्या भाऊजींनी माझ्या गाडीवर परस्पर अमलात आणला होता, आणि त्यावरून पेटलेला वाद अजूनही प्रत्येक लग्नकार्यात नव्याने उकरला जातो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. (तेलाच्या या ग्रेडमध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो आणि नंतरचा तापलेल्या इंजिनातला; आकडा जितका मोठा, तितके तेल घट्ट.)

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. निफाडच्या थंडीविषयी महाराष्ट्रात कोणाला वेगळे सांगण्याची गरज नाही; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी असते आणि मणी तडकू नयेत म्हणून बागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. भाऊजींचे गाडीविषयीचे सगळे ज्ञान अँबॅसडरवर घडलेले आहे, आणि ते ज्ञान खोटे नाही. त्या इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट फीलर गेज या पातळ पट्ट्यांच्या मापाने हाताने बसवावी लागे, बेरिंगांतल्या फटी आजच्या मानाने सैल असत आणि त्याला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हेच तेल शोभून दिसे. अडचण इतकीच की त्यानंतर रस्त्यावर आलेल्या प्रत्येक इंजिनाकडे ते अँबॅसडर म्हणूनच पाहतात.

भाचीच्या लग्नासाठी ऐन जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. माझी गाडी पेट्रोलवरची लहान हॅचबॅक, टायमिंग चेनची (म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून इंजिनात साखळी फिरते अशी), आणि चालकपुस्तिकेत तिला ५डब्ल्यू-३० सांगितलेले. अंगणात रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे ती सुरू करताना क्षणभर खडखड होत असे, जी पुण्यात मला कधी जाणवली नव्हती. भाऊजींनी ती ओट्यावरून ऐकली आणि तिथल्या तिथे निदान केले की, पाण्यासारखे तेल घालून गाडीची वाट लावली आहे. मी हळदीच्या गडबडीत असताना त्यांनी किल्ली घेतली, गाडी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली, चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) रिकामे करून २०डब्ल्यू-५० भरून आणले आणि भर दुपारी चार पाहुण्यांना बोलावून बॉनेट उघडून इंजिन ऐकवले. इंजिन खरोखरच पूर्वीपेक्षा शांत चालत होते. हे मला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तीच खडखड पूर्वीपेक्षा बरीच लांबली, तिच्यात वरून टिकटिकही मिसळली आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझला. ते ऐकायला भाऊजी नव्हते, कारण ते त्या वेळी बागेत शेकोट्यांपाशी होते.

वादाचे मूळ इथेच आहे. दुपारचे गरम इंजिन आणि पहाटेचे गार इंजिन यांत आवाजाची कारणे वेगळी असतात, आणि घट्ट तेल एकावर उतारा ठरते तर दुसऱ्याला बळ देते. इंजिन तापलेले असताना घट्ट तेलाचा थर जाड राहतो, तो धातूवर धातू आपटण्याचा आवाज दाबतो, म्हणून कान फसतात. पहाटे प्रश्न थराच्या जाडीचा नसतो, तेल वेळेवर पोहोचण्याचा असतो. रात्रभरात तेल चेंबरमध्ये उतरलेले असते. चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, बहुतेक गाड्यांत तेलाच्या दाबावर पुढे येतो. तो दाब तयार होईपर्यंत चेन ढिली राहते आणि तिला वाटेवर ठेवणाऱ्या गाइडपट्टीवर आपटते. तेलाच्या दाबाने आपली फट आपणच भरणारे हायड्रॉलिक टॅपेट असतील तर तेही तेलाने भरेपर्यंत टिकटिकतात. तेल जितके घट्ट, तितके ते पंपाच्या जाळीतून ओढले जायला आणि बारीक वाटांतून वर चढायला जड, त्यामुळे हा काळ लांबतो.

यावर भाऊजींचा मुद्दा असा की, डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याचे हे सगळे लाड बर्फाच्या देशांसाठी आहेत, आपल्याकडे त्याचे काय. वरवर पाहता मुद्दा बिनतोड वाटतो, कारण एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकात ५डब्ल्यू तेलाची क्रँकिंगची (सेल्फने गार इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे ३० अंशांना होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. निफाडात यांपैकी काहीच घडत नाही. परंतु तेलाचा घट्टपणा शून्य अंशाखाली गेल्यावर अचानक वाढत नाही, तो तापमान उतरेल तसा सतत वाढत जातो. बाजारात नेहमी मिळणाऱ्या तेलांच्या माहितीपत्रकांत ४० आणि १०० अंशांचे आकडे दिलेले असतात. त्यांवरून आठ अंशांचा हिशेब करता येतो आणि तो मी भाऊजींसमोर कागदावर मांडला होता. साधारण ५डब्ल्यू-३० तेल १०० अंशांना दहा-साडेदहा सेंटिस्टोक्स (घट्टपणाचे एकक) असते आणि २०डब्ल्यू-५० अठराच्या आसपास, म्हणजे दुपटीलाही कमीच. आठ अंशांना मात्र पहिले सुमारे ३०० आणि दुसरे सुमारे १२०० होते, म्हणजे चौपट. आता यातली खरी गंमत पाहावी. ज्या तेलाला भाऊजी पाणी म्हणतात ते पहाटे अंगणात, त्यांच्याच लाडक्या तेलाच्या तापलेल्या अवस्थेपेक्षा पंधरा पटींहून अधिक घट्ट असते. पहाटेच्या इंजिनात पातळ तेल नसतेच. असते ते घट्ट किंवा अतिघट्ट. आवाज तेल पातळ असल्यामुळे येत असता, तर तो पहाटे नव्हे, घाट चढून आल्यावर यायला हवा होता. या वाक्यावर भाऊजींनी चहा मागवला आणि विषय द्राक्षांच्या भावाकडे वळवला.

दाबाच्या काट्याचा दाखलाही अनेक जण देतात की, घट्ट तेल घातल्यावर दाब जास्त दिसतो. दिसणारच. पंप ढकलतो आणि तेल सरकत नाही, म्हणून दाब चढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि काही तेल वर न जाता परत फिरते. दाब म्हणजे पुरवठा नव्हे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माझ्या गाडीत मुळात तेल बदलण्यापूर्वीही थोडी खडखड होती, ती कशाची, हे भाऊजींनी विचारलेच नाही. पुण्याला परतल्यावर मी आधी फक्त फिल्टर बदलून घेतला, तेल मुद्दाम २०डब्ल्यू-५० तसेच ठेवले, कारण दोन्ही एकदम बदलले असते तर भाऊजींनी श्रेय फिल्टरला दिले असते. माझ्या इंजिनावर फिल्टर आडवा बसतो. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून आत रबराचा एक गोल पडदा असतो, जो इंजिन बंद झाल्यावर बाहेरच्या बाजूची छिद्रे झाकून टाकतो. रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर सेल्फ मारण्याआधी सोडवला तेव्हा त्यातून भरपूर तेल सांडायला हवे होते, पण जेमतेम थोडेसे ओघळले. छिद्रांतून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पडदा दाबून पाहिला, तर तो लवचिक राहिला नव्हता, पत्र्यासारखा ताठ झाला होता आणि एका कडेला नीट टेकतही नव्हता. म्हणजे रोज सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागत होता आणि मगच तेल चेनकडे जात होते. नवा फिल्टर बसल्यावर आवाजाची लांबी स्पष्टपणे कमी झाली, पण गेली नाही. त्यानंतर २०डब्ल्यू-५० काढून पुस्तिकेतले ५डब्ल्यू-३० भरले आणि पुढच्या थंडीत त्याच निफाडला, त्याच अंगणात, गाडी बिनआवाज सुरू झाली. याची ध्वनिमुद्रणे माझ्या फोनमध्ये आहेत. भाऊजींच्या मते फोनच्या माइकला खालचे आवाज पकडता येत नाहीत.

तेव्हा आपण आधी डिपस्टिक पाहावी. तेल खालच्या खुणेपाशी असेल तर ग्रेडची चर्चा निरर्थक आहे. मग फिल्टर कोणता बसवला आहे ते पाहावे. स्वस्त फिल्टरमध्ये वाचवलेले शे-दीडशे रुपये पुढे चेन आणि गाइडच्या बिलात व्याजासकट वसूल होतात. त्यानंतर पुस्तिकेतलाच ग्रेड वापरावा. पुस्तिकेच्या तक्त्यात ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही दिलेले असतील, तर आपल्या हवेत त्या दोघांतला फरक पहाटेच्या आवाजात फारसा ऐकू येणार नाही, उगाच त्यावर रात्र जागवू नये. आणि गाडी सुरू होताक्षणी जोरात रेस देण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास दिसते ती सोडावी, कारण तेल पोहोचण्याआधी कोरडी चेन वेगाने फिरवण्यात काहीही शहाणपण नाही.

काही गोष्टी मात्र तेलाच्या कक्षेबाहेरच्या आहेत, आणि आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. आवाज दोन-तीन सेकंदांत न थांबता इंजिन तापेपर्यंत काही मिनिटे ठकठक चालत असेल, तर तो बहुधा पिस्टनचा असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन गरम होऊन फुगला की फट भरते आणि आवाज जातो, त्यावर कोणताही ग्रेड इलाज नाही. डिझेल गाडीत थंड इंजिनाची जी कर्कश खटखट असते ती डिझेल उशिरा पेटल्यामुळे होते, तिचाही तेलाशी संबंध नाही. योग्य तेल आणि चांगला फिल्टर घालूनही चेनचा आवाज राहत असेल तर चेन ताणलेली किंवा टेन्शनर निकामी आहे, आणि ते उघडून पाहण्याला पर्याय नाही. दाबाचा दिवा सुरू झाल्यानंतरही विझत नसेल तर गाडी लगेच बंद करावी.

शिवाय भाऊजींच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. पुष्कळ चाललेल्या, बेरिंगे झिजलेल्या आणि तेल खाणाऱ्या इंजिनात, तापल्यावर दाब पडत असेल तर एक पायरी वरचा दुसरा आकडा, म्हणजे ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०, घेण्यात हशील आहे, मात्र पुस्तिकेत तो दिलेला असावा. पहिला आकडा वाढवण्याचे कारण त्यातूनही निघत नाही. आपले मिस्त्री तरीही २०डब्ल्यू-५० वर अडून बसले, तर त्यांच्याकडे दुपारी गाडी नेऊन आवाज ऐकवू नये. गाडी आदल्या रात्री त्यांच्या दारात उभी करावी आणि पहाटे सहाला पहिला सेल्फ त्यांनाच मारायला लावावा. आमच्या भाऊजींना मी हे आमंत्रण अनेकदा दिले आहे, पण त्या वेळी त्यांना नेमके बागेत काम निघते.