वेलिगामात पहिल्यांदा सर्फिंग करणार असाल तर

श्रीलंकेला जाताय ना, मग तिकिटाआधी महिना बघा. वेलिगामा दक्षिण किनाऱ्यावर आहे, तिथला मोसम डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात तिथला समुद्र खवळतो आणि सर्फिंगवाले पूर्वेला अरुगम बेला जातात. पण नवशिक्याने वेलिगामाच धरावं. तळाशी वाळू आहे, त्यामुळे पडलात तरी सोलवटून निघत नाही.

सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत पाण्यात उतरा. बोर्ड लांब आणि मऊ फोमचाच मागा. दिसायला ऐटबाज छोटा बोर्ड तुमच्या कामाचा नाही. पायाची दोरी मागच्या पायाला बांधायची. लाट ढकलतेय असं वाटलं की तळवे बरगड्यांपाशी टेकवून थेट उभं राहा, गुडघ्यांवर रेंगाळू नका. नजर किनाऱ्याकडे, पायांकडे बघितलंत की पडलातच. पडताना आडवं, पसरून पडा आणि वर येताना डोक्यावर हात धरा, कारण बोर्ड तिथेच कुठेतरी असतो. पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट हवाच, नाहीतर बोर्डावर घासून संध्याकाळी पोटाच्या कातडीची आग आग होते.

जवळच्या मिरिस्सा गावाहून निळे देवमासे बघायला बोटी जातात, त्याही सकाळीच. एका दिवसात दोन्ही कोंबू नका. सर्फिंगच्या दिवशी दुपारनंतर मातरा शहराजवळच्या पोल्हेना किनाऱ्यावर जा. प्रवाळामुळे पाणी शांत असतं आणि नशीब असेल तर समुद्री कासवं अगदी जवळून दिसतात. त्यांना हात लावू नका, खायला घालू नका, गाईड कितीही आग्रह करो. देवमाशांच्या बोटीआधी मात्र उलटीची गोळी घ्या, पोट भरून खाऊ नका.