नवीन साइट हातात आली की आधी हे बघ

गूगलच्या निकालांत साइट वर यावी म्हणून बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक, विकत घ्यायचा विचार पहिल्याच आठवड्यात मनात येतो, तो तिथेच सोड. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट (निकालांचा क्रम लावायच्या पद्धतीतला बदल) आलं तेव्हा अशा लिंकांवर उभ्या राहिलेल्या कितीतरी साइट खाली गेल्या.

आधी सर्च कन्सोल उघड, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन. त्यात १६ महिन्यांचाच डेटा राहतो, म्हणून दर महिन्याला तो उतरवून ठेवायची सवय लाव. मग पेज इंडेक्सिंगचा रिपोर्ट, म्हणजे कोणती पानं गूगलच्या यादीत आहेत नि कोणती नाहीत ते, शांतपणे वाच. मी एकदा नवीन डिझाइन लाइव्ह केलं आणि टेस्ट साइटवरचा नोइंडेक्स टॅग (हे पान निकालांत दाखवू नका, असं गूगलला सांगणारी खूण) तसाच राहिला. घाबरून मी तीच पानं रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही (कोणती पानं उघडू नयेत ते गूगलबॉटसारख्या बॉटना सांगणारी फाइल) अडवली होती, आणि इथेच घोळ वाढला: पान अडवलं की गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, ते उघडतच नाही, मग त्यावरचा टॅग, काढलेला असो वा ठेवलेला, त्याला दिसणार कसा? पान निकालांतून काढायचं असेल तर नोइंडेक्स लाव, पण वाट मोकळी ठेव. पानाचा पत्ता बदलला तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लाव, तोही थेट त्याच विषयाच्या नव्या पानावर. सगळं होमपेजवर ढकलू नकोस.

मेटा कीवर्ड्सवर, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या कीवर्डच्या यादीवर, वेळ घालवू नकोस. गूगल ते रँकिंगसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय.

मराठी साइट असेल तर लोक काय टाइप करतात ते सर्च कन्सोलमधल्या क्वेरींच्या (शोधलेल्या शब्दांच्या) यादीत बघ. ‘पाककृती’ आपण लिहितो, शोधणारा बरेचदा ‘रेसिपी’ म्हणतो, तेही रोमन लिपीत. शीर्षक त्याच्या शब्दांत लिही.